एक सोडून

एक्कावन्नाव्या वर्षी माझी गणिताची परीक्षा झाली. वावरात, उभ्याउभ्या, सूर्य कलल्यावर. परीक्षक होत्या म्हाळसाआजी. वय ऐंशीच्या आसपास, सहीच्या जागी अंगठा, हातात काठी. पहिल्या प्रयत्नात मला शून्य मिळालं.

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पेपरवर लाल शाईनं शून्य काढत आले. काढायला किती सोपं असतं ते! मनगट एकदा फिरवलं की झालं. स्वतःच्या नावापुढं पडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की शून्याला काही किंमत नसते हे आपण वर्गात उगाच सांगतो.

मी राहते धाराशिवात आणि बेंबळीच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात स्कूटीवरून रोज जा-ये करते. गणित शिकवते. स्नेहसंमेलनात खाष्ट सासूपासून फौजदारापर्यंत सगळ्या भूमिका केल्यात आणि वर्गातही ती सवय सुटत नाही. विशालकोन दाखवायला मी स्वतः मागं रेलते. एकदा सरळकोन दाखवण्याच्या नादात पार फळ्याखाली आडवी झाले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मुख्याध्यापकांनी पाणी आणवलं. गणिताच्या तासाला हसणारी मुलं बघितली की मला फार बरं वाटायचं. या हसवण्याच्या सोसानंच एकदा माझा घात केला, ती ही गोष्ट.

आधी आमच्या धंद्यातली एक गोम सांगते. गणिताचा पेपर तपासणं म्हणजे उत्तर बघणं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. चार मार्कांचं गणित असेल तर सूत्राला एक, किमती घालण्याला एक, आकडेमोडीला एक आणि शेवटी उत्तराला एक. म्हणजे तीन पायऱ्या नीट चढून पोरगा चौथीवर घसरला तरी तीन मार्क घेऊन जातो. आणि नुसतंच बरोबर उत्तर लिहिलं तर एक मार्क, तोही मास्तरांचा मूड बरा असेल तर. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. त्यांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कळंबची गाडी तुळजापूरला नेली तरी ड्रायव्हरला चारातले तीन?"

मी म्हटलं, "गिअर बरोबर टाकले असतील तर, हो."

आता दोन लेकरांची ओळख करून देते. नववीचा वर्ग, एकोणचाळीस मुलं. पहिल्या बाकावर अनिकेत. वडील पतसंस्थेत, अक्षर मोत्यासारखं, उत्तराभोवती पट्टीनं आखलेली चौकट. शेवटच्या बाकावर सारिका. घरी मेंढरं. बोलणं मोजकं, वही कोरी, नजर खिडकीबाहेर.

घटक चाचणीत मी एक गणित घातलं होतं. एक मीटर काठीची सावली ऐंशी सेंटिमीटर पडते. त्याच वेळी विजेच्या खांबाची सावली सात मीटर वीस सेंटिमीटर आहे, तर खांबाची उंची किती? अनिकेतनं दोन समरूप त्रिकोण काढले, गुणोत्तर मांडलं, पान भरलं आणि सेंटिमीटर-मीटरचा घोळ करून चौकटीत उत्तर लिहिलं: नऊशे मीटर. खाली दोन रेघा.

"बाळा," मी म्हटलं, "नऊशे मीटरच्या खांबावर चढायचं तर वायरमनला दोन वेळचा डबा बांधून द्यावा लागेल."

अनिकेत शांतपणे म्हणाला, "बाई, पायऱ्या बरोबर आहेत."

खरंच बरोबर होत्या. दिले तीन मार्क. मग सारिकाचा पेपर घेतला. त्यात एकच ओळ: '९ मी.' ना त्रिकोण, ना गुणोत्तर, आगापिछा काही नाही. असं बाकी गणितांतही. उत्तर तेवढं बरोबर, आणि वर सगळं मोकळं रान. मी तिला उभं केलं.

"कसं आलं हे नऊ?"

"दिसतंय की, बाई."

"कुणाच्या पेपरात दिसतंय?"

वर्ग हसला. मी पेपरवर लाल शाईनं लिहिलं, 'कुणाचं पाहून?' आणि सहापैकी पाच गणितांना शून्य. त्या अक्षरांचे उकार सुद्धा मला आज आठवतात, एवढे ते मला टोचतात.

गंमत बघा. त्याच्या महिनाभर आधी मी तालुक्याच्या प्रशिक्षणाला बसून आले होते. तिथं एका तज्ज्ञ सरांनी पोहे आणि जेवण यांच्या मधल्या वेळेत दोन भारदस्त शब्द दिले होते, 'बोधात्मक शैली' आणि 'गणिती साक्षरता'. काही मुलं अवघं चित्र एका नजरेत घेतात, काही तुकड्यातुकड्यानं पुढं जातात. आणि गणित येणं म्हणजे वहीत सोडवणं नव्हे, जगात वापरता येणं. मी हे सगळं डायरीत उतरवून घेतलं. शेजारी सरांच्या मिशीचं चित्रही काढलं. मिशी फार सुंदर जमली होती. मजकूर मात्र डायरीतच राहिला.

गणपती गेल्यावर मी वर्गाला प्रकल्प दिला. प्रत्येकानं गावातल्या दहा घरांतली जनावरं मोजायची, ताळ्याच्या खुणा करायच्या, म्हणजे चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आणि मग सारणी करून आलेख काढायचा. पोरं घरी बसून आकडे ठोकतात हे मला ठाऊक होतं. नुकतंच लाळ्या-खुरकूताचं लसीकरण झालं होतं. त्याची घरोघरची यादी मी जनावरांच्या दवाखान्यातून आधीच मिळवून ठेवली होती. फौजदाराची भूमिका काय उगाच केली होती?

सारिकाची सारणी आली. दहाच्या दहा घरांत एकेक जनावर कमी. पाटलांच्या सात म्हशी, हिच्याकडं सहा. शिंप्याच्या चार शेळ्या, हिच्याकडं तीन. आणि कहर म्हणजे गंगूबाई. त्यांच्याकडं एकच शेळी. सारिकाच्या सारणीत गंगूबाईंच्या नावापुढं शून्य. त्या क्षणी ती शेळी आमच्या शाळेच्या फाटकात उभी राहून साक्षरतेचं पोस्टर खात होती.

असा प्रसंग समोर आल्यावर माझ्यासारख्या बाईनं गप्प बसायचं कसं? मी ओढणी खांद्यावर मारली, मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि वर्गात गस्त घालायला लागले. "गावकरी हो! गावात अजब चोर शिरलाय! प्रत्येक घरातनं एकच जनावर नेतो, दुसऱ्याला हात लावत नाही! गंगूबाईंना तर त्यानं पार धुवून नेलं! पण चोर कोण आहे ते आम्हाला कळलंय..." आणि शेवटच्या बाकाकडं बोट केलं. वर्ग लोळला. अनिकेतसुद्धा हसला. पोरं "शेळीचोर, शेळीचोर" म्हणायला लागली, आणि मी त्यांना लगेच थांबवलं नाही.

सारिका रडली नाही. तिनं वही दप्तरात घातली, तास संपेपर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या. आमच्या शाळेचे शिपाई ज्ञानोबामामा म्हणाले, "बाई, ती आता कशाची येतीय? दिवाळी झाली की तिचा बाप मेंढरं घेऊन सीनेच्या काठाकडं जातंय. पोरीला संगं न्येनार म्हनं. नाव काडायला यील एक दिवस."

नाव काढणं म्हणजे काय, ते आमच्या गावाकडं सगळ्यांना कळतं. गेलेलं नाव हजेरीपटावर परत येत नाही. मग दोन वर्षांत लग्नाची पत्रिका येते, आणि आम्ही शिक्षक जाऊन जेवून येतो. मी अशी जेवणं जेवलेली आहे. या खेपेला मात्र घास आधीच घशात अडकला.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी स्कूटी काढली. सोयाबीन निघून गेलेल्या एका वावरात त्यांचा मुक्काम होता. रिकाम्या रानात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला खत मिळतं आणि मेंढक्याला धान्य, अशी ही जुनी रीत. जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल, एक घोडं, आणि खाटेवर म्हाळसाआजी. सारिका मला बघून घोड्यामागं गेली. तिचा बाप मायाप्पा उठून उभा राहिला.

"या मॅडम. बसा. च्या टाक गं सारे."

मी समजूत घालायला सुरुवात केली. पोरगी हुशार आहे, शाळा सोडवू नका, वगैरे. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, म्या काय शाळंचा वैरी न्हाय. पर गणितात नापासच व्हायचं असंल तर दोन वरीस कशाला घालवायची? तुमीच लिवलंय तिच्या पेपरावर. म्या वाचून घेतलं मास्तराच्या पोराकडनं."

एवढ्यात मेंढरं परत आली. धुळीचा लोट, घंट्या, आणि लोकरीची एक लाटच जाळीत शिरली. म्हाळसाआजींनी खाटेवरूनच मान वळवली, एक नजर फिरवली, आणि हाक दिली, "मायाप्पा, कानफाटीचं लेकरू मागं ऱ्हायलं रं."

मायाप्पा ओढ्याकडं गेला आणि कोकरू काखेत मारून आणलं. मी थक्क! माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. किती मेंढरं आहेत ते तरी बघावं म्हणून मी बोट उचललं, "एक, दोन, तीन..."

फाट्कन माझ्या हातावर चापट बसली.

"बोट खाली घ्या, बाई! मोजताय व्हय? जित्राबाला नजर लावताय?"

"आजी, मी फक्त..."

"जितं कदी पुरं मोजू नये. मोजायचंच झालं तर एक सोडून मोजावं. सोडल्यालं देवाचं. म्हंजी बाकीच्याला धक्का लागत न्हाय. आमच्यात धाकलं लेकरू सुदिक हे जानतंय."

मला ती सारणी आठवली. पाटलांच्या सात म्हशी, लिहिल्या सहा. शिंप्याच्या चार, लिहिल्या तीन. गंगूबाईंची एकुलती एक शेळी, तिचं तर सगळंच देवाला. ही पोर घरोघर हिंडली होती, दहाच्या दहा घरं नीट मोजली होती, आणि दुसऱ्यांच्या जनावरांनासुद्धा आपल्या नजरेपासून जपलं होतं. आणि मी मिशीला पीळ देऊन तिला चोर ठरवलं होतं.

"सारिका," मी घोड्याच्या दिशेनं म्हटलं, "तेव्हा सांगितलं का नाहीस गं?"

घोड्यामागून आवाज आला, "सांगितलं आसतं तर अजून हसला आसता."

मी तिथंच दोन्ही कान धरले. मला नाटकाची सवय आहे, पण त्या दिवशीचं ते नाटक नव्हतं. घोड्यानं माझ्याकडं बघितलं, सारिकानं नाही. म्हाळसाआजींना माझ्या कानांचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी काठी माझ्याकडं रोखली.

"गणिताच्या बाई न्हवं तुमी? मग सांगा, आत्ता कुनाचं लेकरू न्हाय हितं?"

मी बघितलं. लोकर. दुसरीकडं बघितलं. तिकडंही लोकर. "त्या... त्या पांढरीचं?" मी म्हटलं.

आजी एवढ्या हसल्या की खाट करकरली. "समदी हायत! आत्ताच न्हाय का आनलं! बाई, तुमी नापास. आमची पोर एका नजरंत सांगती. मग ती नापास कशी, आन् तुमी मास्तरीण कशा?"

ते माझं शून्य. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला सर्वांत रास्त निकाल.

पण नापास झालेलं पोरगं जसं फेरपरीक्षा मागतं, तशी मी मागितली. आजींना खेळ आवडला असावा. त्यांनी अटी घातल्या: पाडव्याच्या सांजेला परीक्षा. पास झाले तर पोर गावात मावशीकडं राहून दहावी करणार. नापास झाले तर भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी कळपासंगं निघणार. मायाप्पा काहीतरी बोलायला लागला, तर काठी त्याच्याकडं वळली. ती काठी त्या घरचं उच्च न्यायालय होती.

आणि शिकवणार कोण? आजी म्हणाल्या, "सारी शिकवील. तुमी तिला शिकवत हुता न्हवं? आता शिका तिच्याकडनं."

आठ संध्याकाळी मी तिथं गेले. आमचे हे म्हणाले, "बायको दिवाळीत चकल्या करते असं ऐकलं होतं." मी म्हटलं, यंदा अभ्यास आहे.

सारिका पहिल्या दिवशी माझ्याशी जेमतेम बोलली. "बघा," म्हणाली.

"काय बघू?"

"समदंच बघा."

"अगं, पण आधी काय, मग काय? मला पायऱ्या सांग."

"पायऱ्या नसत्यात, बाई. दिसतंय."

हेच वाक्य मी वर्गात ऐकलं होतं आणि त्याला शून्य दिलं होतं. आता मला दिसत नव्हतं आणि तिला दिसत होतं, एवढाच फरक होता. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी म्हाळसाआजी खाटेवरून म्हणाल्या, "सारे, ही बाई ठोंब हाय गं. हिला बारीक करून सांग, लहान लेकराला भाकर कुस्करून देत्यात तसं."

सारिका पहिल्यांदा हसली. मग जमिनीवर काडीनं रेघ ओढून म्हणाली, "बरं. पयलं काळतोंड्या बघा. त्या जोडीनंच चालत्यात. जोडी मोडली तर एक मागं ऱ्हायली. मग लंगडी. ती शेवटाला येती. तिच्यामागं कुनी दिसलं तर समजायचं त्यो दमलाय. मग लेकुरवाळ्या बघा. जिचं लेकरू न्हाय ती बसत न्हाय, आलेल्या वाटंकडं तोंड करून हुबी ऱ्हाती. जुळंवाली एका लेकरावर गप बसत न्हाय..."

मी भराभर वहीत लिहीत होते. तिचं संपल्यावर वही तिच्यापुढं धरली. एक, दोन, तीन, चार, पाच. "या बघ पायऱ्या. नसतात म्हणत होतीस ना? आत्ता तूच सांगितल्यास."

तिनं वाचलं. परत वाचलं. "ह्या? ह्या तर तुमच्यासाठी हायत. मला कशाला लागत्यात?"

"पायऱ्या नेहमी दुसऱ्यासाठीच असतात गं. स्वतःसाठी कोण लिहितं? बोर्डाचा पेपर तपासणारा माझ्यासारखाच असतो. लांब कुठंतरी बसलेला, त्याला मेंढरं दिसत नाहीत. त्याला कुस्करून द्यायचं, बस."

सव्वीस वर्षं मी मुलांना 'पायऱ्या लिहा' म्हणून ओरडत होते. कशासाठी लिहायच्या हे एकदाही सांगितलं नव्हतं, कारण ते मलाही त्या वावरातच कळलं.

पाडवा आला. मी नवी साडी नेसून गेले. परीक्षेला नीटनेटकं जावं. आजी खाटेवर सज्ज, मायाप्पा काही लपवल्यासारखा चेहरा करून उभा, सारिका जाळीला टेकून. तिचे ओठ पांढरे पडले होते. बोर्डाच्या परीक्षेला मुलं बाथरूमला का पळतात ते कळत होतं.

मेंढरं शिरली. मी पायरी एकपासून सुरुवात केली. काळतोंड्या, जोडीनं. लंगडी, शेवटी, मागं कुणी नाही. लेकुरवाळ्या... एकही वाटेकडं तोंड करून उभी नव्हती. कानफाटी बसली होती, जुळंवाली बसली होती. पाचही पायऱ्या संपल्या आणि कमी कुणीच सापडेना. आजींनी एखादी आई लेकरासकट लपवली असेल का? म्हणजे मग रडणारं कुणी उरणारच नाही!

"बोला बाई," आजी म्हणाल्या.

तेव्हा मी वही मिटली आणि सारिकानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं सगळंच बघितलं. आणि काहीतरी खुपलं. एक कोकरू एका आईकडं गेलं, तिनं ढुसणी दिली. दुसरीकडं गेलं, तिनंही दिली. तिसरीनं तर लाथच मारली.

"आजी," मी म्हटलं, "कमी कुणी नाही. एक जास्त आहे. ते तिकडचं कोकरू आपलं नाही."

मायाप्पा खो-खो हसायला लागला. शेजारच्या वस्तीवरून सकाळीच उसनं आणलं होतं. पण आजी हसल्या नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. "आन् आपली समदी मिळून किती?"

हा सापळा होता. आठ दिवसांत मी चोरून मोजली होतीच. बोट न उचलता, नुसत्या डोळ्यांनी. आकडा मला पक्का माहीत होता. मी सारिकाकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"त्र्याऐंशी," मी म्हटलं.

आजींनी काठी खाली ठेवली. "बराबर. एकदम बराबर." आणि नातीला म्हणाल्या, "जा गं सारे. ह्या बाईकडं शिकलीस तरी चालंल."

सारिका मावशीकडं राहिली. वर्गात मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि गंगूबाईंच्या शेळीचं शून्य का बरोबर होतं ते सांगितलं. पोरं आधी हसली. नंतर एकजण हळूच म्हणाला, "बाई, माझी आजी पण आम्हा नातवंडांना मोजू देत न्हाय."

लगेच सगळं सुरळीत झालं म्हणाल तर नाही. सारिका पायऱ्या लिहायला लागली, पण त्या मला उद्देशून. भूमितीची सिद्धता सुरू व्हायची 'बाई, पयलं लहान त्रिकोण बघा' अशी. त्यातली 'बाई' काढायला मला दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा वेळ लागला. मग सराव परीक्षेत तिनं लिहिलं, 'साहेब, पयलं लहान त्रिकोण बघा.' अनिकेतला मी तिच्या शेजारी बसवलं. तो तिच्या पायऱ्यांची रांग लावायचा, आणि ती त्याच्या चौकटीतल्या उत्तरांकडं एकदा बघून म्हणायची, "एवढा खांब कुटं बघितलाय का रं?" अनिकेत खिडकीबाहेरच्या खांबाकडं बघायचा आणि निमूट खोडरबर काढायचा. मिशीवाल्या सरांचे दोन भारदस्त शब्द त्या एका बाकावर शेजारीशेजारी बसले होते.

मला एकच भीती होती. बोर्डाच्या पेपरात जनावरांचं गणित आलं तर? आणि आलंच. मी केंद्राबाहेर लिंबाखाली उभी होते. एक मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, शेळ्या-कोंबड्यांच्या पायांचं गणित होतं. सारिका निवांत चालत आली.

"शेळ्या किती लिहिल्यास?" मी तिचा दंडच धरला.

"जेवड्या आल्या तेवड्या."

"एक सोडली नाहीस ना?"

तिनं माझ्याकडं, मी अनिकेतच्या नऊशे मीटरकडं बघितलं होतं तसं बघितलं. "बाई, त्या कागदावरच्या शेळ्या हायत. त्यास्नी कशाची नजर लागतीय?"

निकालाच्या दिवशी दुपारी एकपासून शाळेतल्या संगणकापुढं मी, ज्ञानोबामामा आणि दोन शिक्षक दाटीनं बसलो होतो. नेटचं चाक फिरत होतं, फिरतच होतं. अनिकेतचा निकाल त्याच्या वडिलांनी कधीच पेढ्यांसकट आणून दिला होता. मग सारिकाचा आसनक्रमांक टाकला. पान उघडलं. गणितापुढचा आकडा मी तीनदा वाचला, पहिल्यांदा भीतीनं, दुसऱ्यांदा खात्रीसाठी, तिसऱ्यांदा नुसताच मजेसाठी. मग मी ज्ञानोबामामांच्या टोपीला पेढा भरवला. तोंड शेजारी होतं.

सारिका तेव्हा परीक्षा संपवून कळपाकडं गेली होती, सीनेच्या काठाला. फोन लागायला अर्धा तास लागला. तिनं बापाच्या मोबाईलवर बघितलंच होतं.

"पास झाले, बाई!"

"गणितात किती गं?"

मागं मेंढरांचा कालवा चालला होता आणि म्हाळसाआजींचा आवाज येत होता, "इचार, बाईनं च्या घेतला का."

"एकसष्ट," सारिका म्हणाली.

माझ्या समोरच्या पडद्यावर दुसराच आकडा होता. मी म्हणणार होते, अगं, नीट बघ. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. कागदावरच्या शेळ्यांना नजर लागत नाही, हे जिला पक्कं ठाऊक होतं, ती हा आकडा जित्या जित्राबासारखा जपत होती.

"बरोबर," मी म्हटलं. "एकदम बरोबर."

सारिका आता धाराशिवला अकरावीत आहे आणि आजींची काठी तिच्या बाजूनं आहे. तेव्हा एवढंच सांगते: त्या पोरीचे मार्क, तो कळप, तो वर्ग, यातला एकही आकडा तुम्ही पुरा धरू नका. माझं वयही नाही. बायका वय कमी का सांगतात, असं पुरुष विचारतात. आमच्या ह्यांना मी सांगून टाकलंय, सोडलेलं एक देवाचं असतं.